वाकडा, पण उभा!

गेली एकवीस वर्षं मी बँकेत लोकांच्या सह्या जुळवतो आहे. नमुन्याच्या सहीतली शेपटी डावीकडे वळलेली असेल आणि चेकवरची उजवीकडे, तर समोर उभा असलेला माणूस साक्षात त्या सहीचा जन्मदाता असला तरी मी त्याला "पुन्हा करा" म्हणून परत पाठवतो. बी. कॉम.च्या पदवीनं मला आयुष्यात दुसरं काही दिलं असो वा नसो, आकड्याखाली आकडा आणि रेघेखाली रेघ बघायची सवय मात्र दिली. घरी भिंतीवरचं कॅलेंडर अर्धा बोट कललेलं दिसलं, तरी मी भरल्या पानावरून उठून ते सरळ करून येतो. सौ. म्हणते, "अहो, उद्या भूकंप झाला ना, तर तुम्ही आधी कॅलेंडर धराल, मग आम्हाला."

अशा माणसाच्या घरी तिरकं लिहिणारा मुलगा जन्माला यावा, याला दैवाची थट्टा नाही तर काय म्हणायचं?

आमचे चिरंजीव दुसरीत आहेत. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि जुलैत त्यांच्या डायरीत लाल शाईनं शेरा आला : 'अक्षर तिरके. ओळ सोडून लिहितो. लेखन संथ. पालकांनी लक्ष द्यावे.' बँकेत अशा शेऱ्यांना आम्ही ऑडिटचे शेरे म्हणतो आणि त्यांची पूर्तता करून वर कळवतो. मी ताबडतोब पूर्ततेच्या मागे लागलो. दुरेघी वही आणली, लाकडी पट्टी आणली, आणि रोज संध्याकाळी सात ते आठ चिरंजीवांना जेवणाच्या टेबलाशी बसवून स्वतः पट्टी घेऊन शेजारी उभा राहू लागलो. पट्टी मारण्यासाठी नव्हती. अक्षराला लावून बघण्यासाठी होती. पण हा फरक सात वर्षांच्या पोराला उभ्या बापाकडे खालून वर बघताना कितपत कळला असेल, हे सांगता येत नाही.

'कमळ' या साध्या तीन अक्षरी शब्दातला त्याचा 'क' रेघेवर असे, 'म' हवेत असे आणि 'ळ' वरच्या ओळीतल्या शेजाऱ्याच्या घरी पाहुणा गेलेला असे. मी म्हणायचो, "सोन्या, सरळ!" तो जीव एकवटून पेन्सिल दाबायचा. टोक मोडायचं. मग टोक करायचं. मग पुन्हा "सरळ!" महिनाभरात दोन पेन्सिली संपल्या, एक खोडरबर संपलं आणि अक्षर होतं त्याहून तिरकं झालं. शिवाय वेग इतका कमी झाला, की 'कमळ' लिहून होईपर्यंत खरं कमळ उमलून मिटलं असतं.

अशातच शाळेची दुसरी चिठ्ठी आली. शाळेनं 'पालक शिकवतात' नावाचा एक उपक्रम काढला होता. जगातली प्रसिद्ध ठिकाणं निवडायची, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि ज्याच्या मुलाला जे ठिकाण येईल त्या पालकानं वर्गात येऊन अर्धा तास ते शिकवायचं. कुणाला ताजमहाल आला, कुणाला चीनची भिंत, कुणाला आयफेल टॉवर. आमच्या चिरंजीवांनी डब्यात हात घातला आणि जगातल्या एवढ्या सरळ उभ्या इमारती सोडून नेमका पिसाचा कलता मनोरा बाहेर काढला.

"शोभतंय," सौ. म्हणाली. कुणाला शोभतंय, ते तिनं सांगितलं नाही.

माझं भूगोलाचं ज्ञान ड्राफ्टवर ज्या गावांची नावं लिहिली तेवढ्यापुरतं आहे, आणि पिसावर मी आजवर एकही ड्राफ्ट काढलेला नाही. तेव्हा मी अभ्यासाला लागलो. दुपारच्या डब्याच्या वेळी एकेक माहिती मी मोठ्यानं वाचायचो आणि आमची शाखा तिच्यावर अभिप्राय द्यायची.

पिसा हे इटलीतलं आर्नो नदीकाठचं गाव. तिथल्या मोठ्या चर्चशेजारचा हा घंटाघराचा मनोरा. बांधायला सुरुवात ११७३ साली. उंची सुमारे ५६ मीटर, मजले आठ, वजन सुमारे साडेचौदा हजार टन. आणि एवढ्या धुडाचा पाया किती खोल, तर जेमतेम तीन मीटर! तोही नदीच्या गाळाच्या, मऊ चिकणमातीच्या जमिनीत.

"पायात खाल्लं," हेड कॅशिअर पोळीचा तुकडा मोडत निर्विकारपणे म्हणाले.

"कॉन्ट्रॅक्टर कोण होता साहेब?" आमच्या शिपायानं विचारलं. त्याच्या मेव्हण्याचा याच धंद्यातला अनुभव ताजा होता.

मी पुढे वाचलं, की काम सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, ११७२ साली, बेर्ता नावाच्या एका विधवा बाईंनी मनोऱ्याच्या दगडांसाठी मृत्युपत्रात साठ नाणी ठेवली होती. यावर ठेवी विभागाच्या मॅडम हळहळल्या. "बिचारीनं विश्वासानं ठेवली हो! आणि यांनी काय केलं? वाकडं बांधलं!"

आता वाकड्याचा हिशेब बघा. तिसरा मजला होईतो मनोरा कलायला लागला. बहुधा ११७८च्या सुमाराला काम थांबलं. का थांबलं? तर पिसाच्या शेजारच्या राज्यांशी लढाया. किती दिवस थांबलं? तर जवळजवळ शंभर वर्षं! १२७२ साली पुन्हा सुरू झालं, चार मजले चढले, तोवर १२८४ साली जिनोआच्या आरमारानं पिसाचा धुव्वा उडवला आणि काम पुन्हा बंद पडलं. सगळ्यात वरचं घंटांचं दालन चढलं ते १३७२च्या आसपास. म्हणजे एकूण जवळपास दोनशे वर्षं.

"दोनशे वर्षांत वरून कुणी टार्गेट विचारलं नाही?" आमचे मॅनेजर केबिनच्या दारातून म्हणाले. त्यांच्या आवाजात चौकशीपेक्षा हेवाच जास्त होता.

पण वाचकहो, खरी मौज पुढेच आहे. मातीचा अभ्यास करणारे इंजिनिअर म्हणतात, की काम असं रखडलं म्हणूनच मनोरा वाचला. सगळे मजले एका दमात चढवले असते, तर ती मऊ माती ढासळली असती आणि मनोरा त्याच वेळी आडवा झाला असता. मधल्या शंभर वर्षांत मातीनं वरच्या वजनाखाली हळूहळू पाणी सोडलं, ती दबली, घट्ट झाली आणि पुढचं ओझं घेण्याजोगी झाली. हे वाचून माझ्या टेबलावरच्या प्रलंबित कागदांकडे मी आयुष्यात प्रथमच आदरानं पाहिलं.

दुसरीच्या मुलांना नुसतं बोलून काही कळणार नाही, काहीतरी करून दाखवावं, असं सौ.नं सुचवलं. श्रावणात शाळेत गणपती करायला शिकवतात, तिथली उरलेली शाडू चिरंजीवांनी डबा भरून घरी आणली होती. ती पाण्यात कालवली, थाळीत थापली आणि दहा रुपयांची नाणी घेऊन मनोरा बांधायला बसलो. नाण्यांची चळत लावणं हा माझा हातखंडा. कॅशमध्ये असताना मी बोलता बोलता शंभराची चळत लावत असे. दोन नाण्यांमध्ये शाडूचा पातळ थर द्यायचा आणि चढवत जायचं. पटापट बारा नाणी चढवली. चळत क्षणभर उभी राहिली, मग लग्नातल्या भटजींसारखी सावकाश एका अंगाला कलली आणि धाडकन आडवी झाली. एक नाणं कपाटाखाली गेलं, ते अजून गेलेलंच आहे.

"आमच्या काशीचं देऊळ यापेक्षा जास्त कललंय," माळ ओढता ओढता आई म्हणाली. आई काशीला जाऊन आली आहे. मला वाटलं, तीर्थक्षेत्राचा अभिमान बोलतोय. पण ते खरं निघालं. मणिकर्णिका घाटाजवळचं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ सुमारे नऊ अंश कललेलं आहे, पिसाच्या दुपटीहून जास्त. "कुणीतरी ते बांधलं आणि म्हणाला, फेडलं आईचं ऋण. म्हटल्याबरोबर देऊळ कललं," आईनं गोष्ट सांगितली. ती सांगताना तिनं माझ्याकडे का पाहिलं, हे मी विचारलं नाही.

मी दुसऱ्यांदा चळत लावली. पडली. तिसऱ्यांदा लावली. पडली. चिरंजीव इतका वेळ गालाला शाडू लावून शेजारी बसले होते. शेवटी म्हणाले, "बाबा, मी लावू?"

त्यानं दुसरी थाळी घेतली. शाडू थापली. तीन नाणी ठेवली. एक ठेवायला मला लागतो त्याच्या चौपट वेळ त्याला लागला. माझे हात शिवशिवत होते. तीन झाली आणि तो उठला.

"अरे, पुढची?"

"आता ह्याला झोपू दे."

"कुणाला?"

"मातीला," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर त्यानं आणखी तीन ठेवली. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी दोन. शुक्रवारी सकाळी दहा नाण्यांचा, जरासा कललेला, पण ठाम मनोरा आमच्या खिडकीत उभा होता. पिसाची माती वजनाखाली घट्ट झाली, आमची शाडू हवेनं वाळली, हा फरक मला कळत होता. पण मला आणखीही एक गोष्ट कळत होती आणि ती मला फारशी आवडत नव्हती. 'लेखन संथ' या शेऱ्यातला संथपणा माझ्या डोळ्यांसमोर चार दिवस मनोरा बांधत होता, आणि एकवीस वर्षांच्या अनुभवाची माझी चळत तीनदा कोसळली होती.

शनिवारी मी वर्गात गेलो. एका बाजूला चिरंजीवांचा वाळलेला मनोरा, दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्याखाली ओली शाडू, आणि खिशात रिकाम्या बॉलपेनची नळी. समोर चाळीस पोरं. कॅश काउंटरवर महिन्याच्या एक तारखेला पेन्शनरांची रांग मी एकट्यानं तोंड देऊन परतवली आहे, पण हे प्रकरण वेगळंच होतं. पेन्शनर निदान एका वेळी एक बोलतात.

फळ्यावर मी वळणदार अक्षरात 'पिसाचा कलता मनोरा' असं लिहिलं आणि वर्ग खदाखदा हसायला लागला.

"काका, तुमचीच ओळ वाकडी!" पहिल्या बाकावरचा चश्मेवाला म्हणाला.

मागे सरून पाहिलं. 'पिसाचा' जमिनीवर होतं आणि 'मनोरा' छताच्या दिशेनं निघाला होता. आयुष्यभर रेघांच्या वहीवर लिहिलेला माणूस मी. रेघा काढून घेतल्या, तर मी कसा लिहितो हे मला ठाऊकच नव्हतं. बाईंनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला. चिरंजीवांनी तिसऱ्या बाकावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत चेष्टा नव्हती. एका कैद्यानं दुसऱ्याकडे पाहावं, तशी ती नजर होती.

मी धीर करून ओली शाडू दाखवली, नाणी रचली, मनोरा कलला. मग प्रश्न सुरू झाले.

"काका, आत माणसं झोपतात का? मग ती गडगडत नाहीत?" झोपत नाहीत, म्हटलं. ते घंटाघर आहे, सात सुरांच्या सात घंटा आहेत.

"तिथून बॉल टाकला तर?" हा प्रश्न मला अपेक्षित होता. गॅलिलिओ पिसातच जन्मला, १५६४ साली. त्यानं या मनोऱ्यावरून जड आणि हलके गोळे एकदम टाकले, अशी गोष्ट त्याच्या शिष्यानं लिहून ठेवली आहे. ती खरीच घडली असं इतिहासकारांना वाटत नाही. "म्हणजे शिष्यानं थाप मारली?" दोन वेण्यांवाली एक मुलगी डोळे मोठे करून म्हणाली. गुरूला मोठं करायला शिष्य थोडं वाढवून सांगतात, असं म्हणून मी बाईंकडे न बघता पुढे सरकलो.

"भूकंप झाला तर पडेल!" मागून एक जाड आवाज आला. हे उत्तर मी खास राखून ठेवलं होतं. १२८०पासून त्या भागात निदान चार मोठे भूकंप झाले, मनोरा उभाच राहिला. २०१८ साली इंजिनिअरांनी कारण सांगितलं, की मनोरा उंच आणि ताठ, खालची माती मऊ. त्यामुळे जमिनीच्या हादऱ्याचा आणि मनोऱ्याच्या डोलण्याचा ताल जुळत नाही. ज्या मातीनं त्याला वाकवलं, तीच माती त्याला भूकंपातून वाचवते.

आणि मग तो प्रश्न आला, जो मी जुलैपासून घरात वेगळ्या शब्दांत विचारत होतो.

"मग त्याला सरळ का नाही करत?"

केलं ना, मी म्हटलं. म्हणजे करून पाहिलं. आधी बांधणाऱ्यांनीच वरचे मजले खचलेल्या बाजूला थोडे उंच बांधून तोल साधायला बघितला. त्यानं मनोरा कललेला तर राहिलाच, वर केळ्यासारखा जरा बाकदारही झाला. १८३८ साली एका वास्तुशिल्पज्ञानं पायाचे खचलेले दगड लोकांना दिसावेत म्हणून भोवती चर खणला. चरातून पाणी उसळलं आणि मनोरा आणखी कलला. १९३४ साली मुसोलिनीला वाटलं, आपल्या राज्यात वाकडा मनोरा म्हणजे अब्रू गेली. त्यानं पायात साडेतीनशेहून जास्त भोकं पाडून सिमेंट ओतायला लावलं. मनोरा आणखी कलला.

"मुसोलिनी म्हणजे कोण?" चश्मेवाल्यानं विचारलं.

"एक माणूस होता. त्याला सगळं सरळ लागायचं," मी म्हणालो, आणि जीभ चावली. कारण तेवढ्यात तिसऱ्या बाकाकडे माझं लक्ष गेलं होतं.

१९८९ साली इटलीतल्याच पाविया गावातला एक जुना मनोरा कोसळला आणि चार माणसं मेली, हे मी मुलांना सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की १९९०च्या जानेवारीत पिसाचा मनोरा लोकांना बंद केला आणि देशोदेशीचे तज्ज्ञ बसवले. त्यांनी १९९३ साली वर उचललेल्या उत्तर बाजूच्या पायावर सुमारे सहाशे टन शिसं ठेवलं. मनोरा थोडा सावरला. मग ते शिसं दिसायला वाईट दिसतं, म्हणून १९९५ साली जमीन गोठवून खालून दोर बांधायला गेले, आणि एका रात्रीत मनोरा एरवी वर्षभरात कलतो त्याहून जास्त कलला! धावाधाव करून आणखी शिसं रचावं लागलं. तज्ज्ञांचीही चळत अशी कधी कधी पडते, हे ऐकून वर्गाला बरं वाटलं. मलाही.

"मग काय केलं?"

मी बॉलपेनची नळी काढली. ज्या बाजूला मनोरा कलला होता, त्या बाजूला हातच लावला नाही. उलट्या बाजूला, जिथे तो वर उचलला गेला होता, तिथे शाडूत तिरकी नळी खुपसली आणि अलगद ओढली. नळीत चिमूटभर माती आली. पुन्हा खुपसली, पुन्हा चिमूटभर. पाचसहा वेळा केल्यावर नाण्यांची चळत केसभर मागे आली. चाळीस पोरांनी एकदम श्वास घेतला. पिसाला नेमकं हेच केलं. १९९९ ते २००१, उत्तर बाजूच्या जमिनीतून नळ्यांनी रोज थोडी थोडी माती काढली. सगळी मिळून सुमारे ३८ घनमीटर, म्हणजे पाचसहा ट्रक. ना धक्का, ना दोर, ना सिमेंट. मनोरा आपला आपण, आपल्याच वजनानं, हळूहळू मागे आला.

"काढा काका, अजून काढा! सरळ होईल!" वर्ग ओरडू लागला.

"नाही," मी म्हटलं. "ते तिथेच थांबले. फक्त अर्धा अंश मागे आणला, दहा टक्के. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो जितका कललेला होता, तितकाच. आता निदान दोनशे वर्षं काळजी नाही म्हणाले, आणि डिसेंबर २००१मध्ये लोकांना पुन्हा वर जाऊ दिलं. सांगा बघू, का थांबले असतील?"

"पैसे संपले!" जाड आवाज म्हणाला. तो मुलगा मोठेपणी बँकेत येणार, यात शंका नाही.

"सरळ झाला तर बघायला कोण जाईल?" वेण्यांवाली म्हणाली. हे उत्तर पुस्तकात छापण्याजोगं होतं, आणि मी शाबासकी देणार, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून हळू आवाज आला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच बोलत होता.

"पडत नाही ना आता? मग बास की."

मी पुढे काय शिकवलं ते मला आठवत नाही. टाळ्या झाल्या, बाईंनी गुलाबाचं फूल दिलं.

त्या संध्याकाळी सात वाजता सवयीनं चिरंजीव दुरेघी वही घेऊन टेबलाशी बसले. मीही सवयीनं पट्टी उचलली, आणि ठेवून दिली. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, की अक्षराकडे बघण्याआधी पायाकडे बघावं. म्हणून मी खाली वाकून टेबलाखाली पाहिलं.

टेबल आमच्या मापाचं. खुर्ची आमच्या मापाची. खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसलेलं सात वर्षांचं पोर, आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर, हवेत लोंबकळत. लिहिताना तोल जाऊ नये म्हणून डाव्या हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली, त्यामुळे वही धरायला हात नाही. प्रत्येक अक्षरागणिक वही सरकत होती. महिनाभर मी पट्टी घेऊन वरच्या मजल्यांची मापं घेत होतो, आणि खाली पायच नव्हता.

मी उठलो. देवघरातला जुना पाट आणला, त्याखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टरीचे दोन गठ्ठे दिले आणि त्याचे पाय त्यावर टेकवले. खुर्ची पुढे सरकवली.

"कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," तो म्हणाला. त्याचा डावा हात टेबलाची कड सोडून वहीवर आला.

"एक तास नको," मी म्हटलं. "चार ओळी लिही. मग झोपू दे."

"कुणाला?"

"मातीला."

तो इतका हसला, की पहिला 'क' पुन्हा तिरका गेला. मी काही बोललो नाही. शेजारी उभाही राहिलो नाही. आत जाऊन कॅलेंडरसमोर हाताची घडी घालून बसलो. ते जरासं डावीकडे कललेलं होतं. आई माळ ओढत माझ्याकडे बघत होती. मी उठलो नाही. निदान दहा मिनिटं तरी उठलो नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी डायरीत नवा शेरा आला. शाई लालच, पण मजकूर असा : 'अक्षरात थोडी सुधारणा आहे.' थोडी म्हणजे किती, ते मी पट्टी लावून मोजलं नाही. माझ्या अंदाजानं अर्धा अंश असेल. 'कमळ'मधला 'ळ' आता वरच्या शेजाऱ्याकडे राहायला जात नाही, फक्त उंबऱ्यावर उभा राहून डोकावतो. बँकेत ऑडिटरला एवढी पूर्तता चालली नसती. आमच्या घरी चालली.

चिरंजीवांचा मनोरा अजून खिडकीत उभा आहे, दहा नाण्यांचा, दक्षिणेकडे कललेला. शाडू दगडासारखी झाली आहे, नाणी सुटत नाहीत. फोडून काढावीत म्हटलं तर घरातलं कुणी हातोडी देत नाही. परवा महिन्याचा हिशेब मांडताना शंभर रुपये जुळेनात. कपाटाखाली गेलेलं नाणं धरलं तर एकशेदहा. एकवीस वर्षांत माझ्या हिशेबात पैशाचा फरक राहिलेला नाही. बराच वेळ विचार केला आणि शेवटी बँकेत ज्याचं कुणालाच काय करायचं कळत नाही ते जिथे टाकतात, तिथे टाकले : सस्पेन्स खात्यात.

ओळ जराशी वाकडी गेली. राहू दिली.